तुझो आंगठो खय हा?

गेल्या जूनमध्ये माझ्याकडे ९,२०० रुपये होते आणि त्यांच्यावर दोघांचा डोळा होता. एक म्हणजे बाबांच्या होडीचं मशीन. होडी पावसासाठी वर ओढून, झापांनी झाकून ठेवलेली होती आणि नारळी पौर्णिमेच्या आत मशीन दुरुस्त होणं गरजेचं होतं. दुसरी, माझ्या फोनवर अठरा दिवस कार्टमध्ये पडून असलेली सात फुटी बेटकास्टिंग रॉड.

आईला मी रॉडचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "काठयेक एवढे पैशे?"

बाबांना दाखवला नाही.

आमचं घर कर्ली नदीच्या काठाला आहे. तारकर्लीकडून देवबागच्या दिशेने निघालात की जमीन चिंचोळी होत जाते. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला कर्लीची खाडी, मध्ये माड, घरं आणि होमस्टेच्या पाट्या. त्यातल्याच एका होमस्टेत मी सीझनला काम करतो. बुकिंग घेणं, पाहुण्यांना बोटीचं विचारून देणं, गर्दी असेल तर सोलकढीचे पेले भरणं. बाबा गरवतात. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: गरीला आमिष लावून मासा धरण्याला आमच्याकडे गरवणं म्हणतात. बाबांचं सगळं सामान एका पिशवीत मावतं. पाण्याच्या बाटलीवर गुंडाळलेला तंगूस, शिशाचे तुकडे, गऱ्या, आणि डब्यात सुंगटं. रॉड नाही, रीळ नाही. शिसं डोक्यावर गरगर फिरवून फेकायचं आणि दोरी बोटांवर धरून बसायचं.

हे सगळं सुरू झालं त्याच्या आधीच्या नोव्हेंबरमध्ये. बंगळुरूहून एक पाहुणा आला होता. त्याला डॉल्फिन नको होते, स्कूबा नको होतं. त्याला तिवरांत जायचं होतं. बाबांनी होडी काढली, मी सोबत गेलो. त्याच्या रॉडच्या वर, अंगठ्याखाली, साबणाच्या वडीएवढं रीळ बसवलेलं होतं. त्याने मनगटाला एक झटका दिला. प्लास्टिकचा मासा पाण्यावरून सपाट गेला आणि तिवराच्या दोन मुळांमध्ये, जिथे मी हाताने दगडही नीट टाकू शकलो नसतो, तिथे आवाज न करता पडला. चौथ्या की पाचव्या फेकीला तांबोशी लागली. किलोभर तरी असेल. त्याने फोटो काढला, गरी सोडवली आणि मासा पाण्यात सोडला.

बाबा काही बोलले नाहीत. पाहुण्याने चार तासांचे पैसे दिले. ती तांबोशी बाजारात नेली असती तर जेवढे आले असते त्याहून ते बरेच जास्त होते. घरी येताना बाबा म्हणाले, "सोडल्यान? मगे धरल्यान कित्याक?"

मला उत्तर देता आलं नाही. पण माझं डोकं त्या आकड्यावर अडकलं होतं. माझ्या वर्गातले निम्मे मुलगे गोव्याला किंवा मुंबईला गेलेत. मलाही गोव्यातून दोनदा फोन आला होता. मला जायचं नव्हतं, आणि न जाण्यासाठी 'मला इथे आवडतं' एवढं कारण घरात पुरत नाही. पाहुण्यांना गरवायला नेणारा माणूस आपण होऊ शकतो, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. त्यासाठी निदान एक रॉड स्वतःची हवी.

मग पावसाळाभर मी व्हिडिओ बघितले. बेटकास्टर शिकवणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात आणि ते सगळे बास या माशाबद्दल बोलतात. त्यांचा बास म्हणजे लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला, तळ्यांतल्या पाणवनस्पतींत लपणारा. तो आपल्याकडे नाही. आपल्या खाडीत त्याच्या नावाचा एक लांबचा माणूस आहे, एशियन सीबास. रायगडात त्याला जिताडा म्हणतात, गोव्यात चणक. आमच्या घरात चणकच म्हणतात. ऑस्ट्रेलियात हाच मासा बॅरामंडी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तिथले लोक त्याच्यामागे आपल्याकडच्या क्रिकेटसारखे वेडे आहेत. पण आमच्या खाडीतला चणक काही तळ्यातला मासा नाही. तो भरती-ओहोटीच्या पाण्यात, तिवरांच्या मुळांशी, कालवं चिकटलेल्या खडकांच्या आडोशाला उभा राहतो. गरी लागली की पहिल्या दोन सेकंदांत मुळांत घुसतो. त्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते, दोरी तिच्यावर घासली की संपली. म्हणजे अमेरिकेतला माणूस 'पहिली रॉड हीच घ्या' म्हणतो तेव्हा तो त्याच्या तळ्याबद्दल बोलत असतो. हे कळायला मला तीन आठवडे लागले. कार्टमधली सात फुटी रॉड त्या तळ्याचीच होती.

आता हे रीळ काय भानगड आहे ते सांगतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे. आपण नेहमी बघतो ते स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली लटकतं. फेकताना त्याचा स्पूल फिरत नाही, दोरी त्याच्या कडेवरून वेटोळी सुटत जाते. शिकायला सोपं. हलकं आमिष, वारा, नवखा हात, सगळं ते सांभाळून घेतं. बेटकास्टिंग रीळ रॉडच्या वर बसतं आणि फेकताना त्याचा स्पूल स्वतः गरगर फिरतो. दोरी सरळ निघते, म्हणून जाड दोरी चालते, नेम अचूक बसतो आणि मोठा मासा मुळांपासून ओढून काढायला ताकद मिळते. पण लूर हवेत गेला की त्याचा वेग कमी होत जातो, आणि स्पूलला ते माहीत नसतं. तो आपला आधीच्याच वेगाने फिरत राहतो. बाहेर जायला जागा नसलेली दोरी रिळातच फुगते आणि एका क्षणात सुगरणीचं घरटं तयार होतं. इंग्रजीत याला बॅकलॅश म्हणतात. ते टाळायला रिळात चुंबकाचे किंवा फिरण्याच्या जोराने बाहेर सरकणाऱ्या ठोकळ्यांचे ब्रेक असतात. शेवटचा ब्रेक मात्र आपला अंगठा.

या रिळांचा इतिहास शोधताना मला एक गंमत सापडली. हँडल एकदा फिरवलं की स्पूल अनेकदा फिरेल असं रीळ अमेरिकेत केंटकीमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवलं जाऊ लागलं, आणि त्याचं श्रेय जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीला देतात. स्वीडनमधल्या आबू कंपनीच्या नावातला 'उर' म्हणजे घड्याळ. ती १९२१ साली घड्याळाच्या कामातूनच उभी राहिली आणि १९५२ मध्ये तिने अँबॅसेडर ५००० हे लाल रीळ काढलं. जपानची शिमानो कंपनीही १९२१ चीच, सायकलचे फ्रीव्हील बनवणारी. म्हणजे हे यंत्र मासेमाऱ्यांच्या घरातून आलेलं नाही. ते बारीक दाते जुळवणाऱ्या लोकांच्या टेबलावरून आलंय. मला ते आवडलं. मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या नखांतलं ग्रीस मी लहानपणापासून बघत आलोय.

निवड करताना मी शेवटी फोन बाजूला ठेवला आणि वहीत लिहून काढलं. जे लिहिलं ते इथे देतो. तुमची खाडी वेगळी असेल तर उत्तरं बदलतील, प्रश्न बहुधा हेच राहतील.

पहिला प्रश्न, मी काय फेकणार आहे? बंगळुरूचा पाहुणा जाताना एक लूर देऊन गेला होता. होमस्टेच्या किचनमधल्या काट्यावर तो ठेवला. १७ ग्रॅम. प्रत्येक रॉडवर हँडलच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ती किती वजनाचा लूर फेकू शकते. हे अक्षर वाचलं नाही तर काय होतं ते माझ्या आतेभावाने दाखवलंय. त्याने 'हेवी' बघून रॉड घेतली. तिच्यावर ४० ते ८० ग्रॅम लिहिलं होतं. १७ ग्रॅमला ती वाकतच नाही, आणि जी वाकत नाही ती फेकत नाही. आता त्या रॉडने ते पेरू काढतात. मी १० ते ३० ग्रॅमची, मीडियम हेवी पॉवरची ठरवली.

दुसरा, उभा कुठे राहणार? किनाऱ्यावरून लांब फेकायचं तर सात फूट बरी. मी होडीत बसून, डोक्यावर आलेल्या फांद्यांच्या खालून आडवं फेकणार होतो. साडेसहा फूट पुरे.

तिसरा, नेणार कशी? एकसंध रॉड चांगली म्हणतात, पण ती स्कूटरवर घेऊन देवबागच्या रस्त्याने समोरून टेम्पो येताना जाऊन बघा. दोन तुकड्यांची घेतली.

चौथा, किती चुका सोसेल? निव्वळ ग्रॅफाइटची रॉड हलकी आणि संवेदनशील असते, पण होडीच्या कडेवर आपटली की कुठे तडा गेला ते कळत नाही आणि मासा लागल्यावर मोडते. फायबरग्लासची जड, पण दांडगी. दोन्हींचं मिश्रण असलेली मिळते, ती घेतली. तिचं टोक फार ताठ नाही. नवशिक्याचा झटका उशिरा किंवा जोरात बसतो, तेव्हा थोडी वाकणारी रॉड मासा हातचा जाऊ देत नाही.

पाचवा, खारं पाणी. रॉडच्या प्रत्येक रिंगेतून कापसाचा बोळा फिरवून बघायचा. तंतू अडकला तर तिथे चीर आहे, ती दोरी कापणार. रोज घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, त्यात आळस चालत नाही.

सहावा प्रश्न मी फार विचार न करता सोडवला. हँडल कुठल्या बाजूला? स्पिनिंग रिळाचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं. बेटकास्टिंगचं येत नाही, एकदा डावं घेतलं की डावंच. मी उजव्या हाताने फेकतो, म्हणून डाव्या हाताने गुंडाळायचं रीळ घेतलं. रॉड, रीळ, दोरी मिळून ७,४०० रुपये झाले. उरलेले १,८०० बाबांच्या हातात ठेवले.

त्यांनी ते मोजले नाहीत. "पैशे तुझे," म्हणाले, "मशीन माझा." मशीनसाठी त्यांनी काकांकडून उसने घेतले. ते मला आईकडून कळलं.

श्रावणात पार्सल आलं. बाबांनी रीळ हातात घेतलं, उलटसुलट केलं, हँडल फिरवलं. बाबा डावखुरे आहेत. त्यांनी रॉड डाव्या हातात धरली आणि उजवा हात जिथे गेला तिथे काहीच नव्हतं.

"म्हणजे ह्या माझ्यासाठी नाय," ते म्हणाले. रागावून नाही. कुणाच्या पायातली चप्पल आपल्याला होत नाही हे बघून म्हणतो तसं. मला मात्र जेवण गेलं नाही. चोवीस वर्षं मी हा माणूस डाव्या हाताने शिसं फिरवताना बघितलाय, आणि अठरा दिवसांच्या कार्टमध्ये माझ्या मनात ते एकदाही आलं नव्हतं.

पाऊस उघडला की मी खळ्यात सराव करायचो. व्हिडिओतलं सगळं पाळलं. गरी नसलेलं वजन बांधलं. स्पूलच्या बाजूचा नॉब असा आवळला की बटण दाबल्यावर वजन हळूहळू खाली येईल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. ब्रेक पूर्ण लावला. विणलेल्या बारीक दोरीऐवजी शिकण्यापुरता जाड तंगूस भरला, कारण त्याचा गुंता सुटतो. तरी तिसऱ्या फेकीला घरटं झालं. सहाव्याला असं झालं की मी कात्री आणायला उठलो.

बाबा पडवीत बसून बघत होते. "थांब," म्हणाले. रीळ मांडीवर घेतलं, चष्मा लावला आणि एकेक फास नखाने उचलून काढू लागले. मी म्हटलं, कापूया, दोरी स्वस्त आहे. "चाळीस वर्सा जाळी सोडवतंय मी," ते म्हणाले. "ह्या काय." वीस मिनिटांत तंगूस मोकळा झाला. मग त्यांनी विचारलं, "फेकलंस तेव्हा तुझो आंगठो खय होतो?"

मला आठवेना. मी वजनाकडे बघत होतो, ते कुठवर जातं याच्याकडे.

ते उठले. रॉड डाव्या हातात घेतली आणि फेकली. खरं सांगतो, त्यांचंही पहिल्या वेळी घरटंच झालं, आणि आई आतून हसली. ते त्यांनी शांतपणे सोडवलं. दुसऱ्या वेळी वजन हौदापर्यंत गेलं आणि जमिनीला लागायच्या आत त्यांचा अंगठा स्पूलवर टेकला. आवाज झाला नाही, एक फेरही सैल पडला नाही. मग त्यांनी रॉड उजव्या हातात घेतली आणि माझ्या 'चुकीच्या' हँडलने, डाव्या हाताने, आरामात गुंडाळली. चप्पल त्यांना झाली होती.

"दोरी धावता तेव्हा तिका हातान सांगूचा लागता, आता थांब म्हणान," ते म्हणाले. "तुझे डोळे तिकडे. तुझो आंगठो खय हा?"

त्यांच्या डाव्या अंगठ्यावर आडव्या रेघा आहेत, जुन्या, पांढऱ्या. तंगूस धावताना कापल्याच्या. मी त्या आयुष्यभर बघत होतो. ब्रेक म्हणून त्यांच्याकडे पहिल्यांदा बघितलं.

ऑक्टोबरात होडी पाण्यात होती, मशीन चालू होतं. दिवस बाबांनी ठरवला. भरतीची वेळ ते तिथीवरून काढतात, तिथीची पाऊणपट म्हणजे घड्याळाचा ढोबळ आकडा. अष्टमीला सहा. भांगाचं पाणी, म्हणजे ओढ कमी, नवशिक्याला बरं. सकाळी भरती भरून सुकती लागली तेव्हा आम्ही तिवरांच्या कडेला होतो. दोनदा माझा लूर फांदीत अडकला. बाबा दोन्ही वेळा काही न बोलता होडी वल्हवत तिथे घेऊन गेले. आठच्या सुमाराला लूर एका खडकाच्या सावलीत पडला. अंगठा वेळेवर टेकला, मी दोनदा गुंडाळलं आणि रॉड हातातून ओढली गेली. चणक पाण्याबाहेर उडाला, डोकं झाडलं. लाल डोळा दिसला. बाबा ओरडले, "मुळांकडे नको! नको देव!" मी अंगठ्याने स्पूल दाबला, अंगठा भाजला, आणि मासा वळला.

हाताने मोजला, अडीच वीत भरला. जवळपास दोन फूट.

मी तो सोडला, असं लिहिलं असतं तर हा लेख जास्त शोभला असता. आम्ही तो घरी नेला. आईने तिखलं केलं. घरात काकांचे उसने पैसे होते, आणि बाबांच्या होडीत आलेला मासा परत पाण्यात टाकायला माझी जीभ उचलली नाही.

जेवताना मी त्यांना वाचलेलं सांगितलं. चणक आधी नर असतो. काही वर्षांनी, बराच मोठा झाल्यावर, तोच मादी होतो. म्हणजे खाडीतल्या सगळ्यात मोठ्या चणकी म्हणजे आया. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा ठेवता येत नाही आणि १२० पेक्षा मोठाही नाही. लहानाला वाढू द्यायचं, मोठीला अंडी घालू द्यायची. बाबांनी काटा बाजूला काढला. "म्हणजे हो अजून बापूसच होतो," ते म्हणाले. "आवस होवक येळ होतो." आणि भात घेतला.

तेव्हापासून आमच्या होडीत दोन नियम आहेत. पाहुणे असतील त्या दिवशी लहान आणि खूप मोठा चणक परत जातो, आणि हे त्यांना होडीत बसायच्या आधीच सांगितलं जातं. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. पद्मगडाच्या आसपासचा त्याचा गाभा आहे, तिकडे आम्ही जात नाही, खाडीतच राहतो. बाबा एकटे गरवायला जातात त्या दिवशी नियम त्यांचे. नोव्हेंबरात त्यांच्या तंगुसाला एक मोठी चणक लागली, हात पसरला तर जेमतेम मावेल अशी. त्यांनी ती विकली. मी काही बोललो नाही. त्या पैशांतून काकांचा एक हप्ता गेला. माझ्या पाहुण्यांच्या तीन फेऱ्यांतून आणखी थोडा गेला. अर्धे अजून बाकी आहेत. गोव्याचा फोन अजून चालू आहे, मी तो बंद केलेला नाही.

आता मला इन्स्टावर मेसेज येतात, पहिली रॉड कुठली घेऊ? मी उलट विचारतो, तुमच्याकडे आमिषाचं वजन किती, तुम्ही उभे कुठे राहता, आणि रॉड अजून कुणाच्या हातात जाणार आहे? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण 'म्हणजे?' असं विचारतात.

माझ्या उजव्या अंगठ्यावर आता एक रेघ आलीय. आडवी, अजून लालसर. बाबांनी परवा ती बघितली. त्यांच्या तंगुसाच्या बाटलीशेजारी खुंटीला रॉड टांगलेली होती. त्यांनी रीळ काढलं, हँडलच्या सांध्यातलं मीठ ओल्या फडक्याने पुसलं आणि मला म्हणाले, "धुवूक इसारलंस."